दोघंही नोकरीवर, घर दिवसभर बंद: नागपुरात दोन महिन्यांचं पिल्लू सांभाळता येईल का?

बुटीबोरी_अपडाउन

नमस्कार मंडळी. आम्ही दोघं मनीषनगरला राहतो. टू बीएचके, शेवटचा मजला, वर थेट गच्ची. माझं बुटीबोरीला अप-डाऊन आहे, सकाळी ८ ला कंपनीची बस, परत यायला पावणेसात. बायको बँकेत, ती साडेनऊला निघते, सातच्या आसपास येते. म्हणजे घर रोज नऊ-साडेनऊ तास बंद.

लॅब्रॅडोरचं पिल्लू घ्यायचं ठरवून राहिलो आहोत. विकणारा म्हणतो सहा आठवड्यांचंच घेऊन जा, लहान नेलं की लळा लवकर लागतो. एप्रिलच्या शेवटी मला आठ दिवस सुट्टी मिळू शकते, तेव्हा आणायचा विचार आहे. बाल्कनी मोठी आहे, ग्रिल लावलेली, पश्चिमेकडे उघडणारी. दिवसा तिथे ठेवलं तर चालेल का? शी-शूचं काय करायचं? आणि एवढे तास एकटं राहू शकतं का?

उत्तर "नका घेऊ" असेल तर तेही चालेल, पण कारण सांगा. आम्हाला हौसेपायी त्या जिवाचे हाल करायचे नाहीत.

पंजा

थेट उत्तर आधी. मधल्या वेळेत घरी येणारं माणूस नसेल तर दोन महिन्यांचं पिल्लू घेऊ नका. असं माणूस असेल तर नोकरी सांभाळून पिल्लू नीट वाढवता येतं. घर किती मोठं, बाल्कनी आहे की नाही, हे सगळं त्यानंतर.

कारण शरीराचं आहे. पिल्लाचं मूत्राशय छोटं असतं आणि ते आवरणारे स्नायू साधारण चार महिन्यांचं होईपर्यंत पुरते ताब्यात येत नाहीत. ढोबळ हिशोब असा की वयाच्या महिन्यांत एक मिळवा, दिवसा तेवढे तास ते जास्तीत जास्त धरून ठेवू शकतं. दोन महिन्यांचं तीन तास, चार महिन्यांचं पाच तास. पण ही ताणून गाठायची मर्यादा झाली. रोजची सवय लावायची तर त्याहून तासभर कमीच धरा. रात्री झोपेत ते थोडं जास्त तग धरतं, म्हणून "रात्री सहा तास राहतं, मग दिवसा का नाही" हा हिशोब लागू पडत नाही.

तुमच्या वेळापत्रकात हे असं बसेल: पहिला महिना-दीड महिना दिवसातून दोनदा कोणीतरी यायला हवं, समजा साडेअकरा आणि तीन. त्यातही साडेअकरानंतरची अंतरं साडेतीन तासांच्या खाली येत नाहीत, म्हणून अगदी सुरुवातीचे दिवस रजा लागतेच. चार महिने झाल्यावर एकला एक फेरी आणि संध्याकाळी तुमच्यापैकी एकाने वेळेत येणं. सहा महिन्यांनंतरही नऊ तास सलग नकोच. मोठ्या कुत्र्यालासुद्धा सहा तास ठीक, आठ म्हणजे ओढाताण.

विकणाऱ्याचं ऐकू नका. कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे केंद्र सरकारचे २०१७ चे नियम आहेत, त्यांत आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला मनाई आहे. आणि हे दोन आठवडे मोलाचे असतात. भावंडांशी मस्ती करताना जोरात चावलं की समोरचं केकाटतं, खेळ थांबतो, त्यातून दाताचा जोर किती लावायचा हे पिल्लू शिकतं. सहाव्या आठवड्यात उचललेली पिल्लं पुढे माणसांच्या हाता-पायांना जास्त जोरात चावतात. जो माणूस "लवकर न्या" म्हणतो, तो त्याचा खाण्याचा आणि लसीचा खर्च वाचवत असतो.

आता जागा. पिंजरा फक्त झोपायला. त्यात उभं राहता यावं, वळता यावं, पाय पसरून झोपता यावं, बस. दार लावून दिवसभर त्यात कोंडणं साफ चूक आहे. दिवसासाठी कुंपण घ्या, प्लेपेन म्हणून मिळतं. लॅबसाठी निदान ३० इंच उंच, ३६ इंच मिळालं तर उत्तम, कारण पाच महिन्यांचं लॅब २४ इंचांवरून सहज उडी मारून बाहेर येतं. आतली जागा कमीत कमी ४ फूट बाय ६ फूट. एका टोकाला दार काढलेला किंवा उघडा बांधलेला पिंजरा, आत गादी; विरुद्ध टोकाला शी-शूचा ट्रे; पाणी गादीच्या बाजूला. गादी आणि ट्रे शेजारी आले की पिल्लू गोंधळतं.

व्हिट्रिफाइड टाइल्स असतील तर कुंपणात खाली रबरी चटई घाला. गुळगुळीत फरशीवर पाय फाकून घसरत वाढलेल्या जड जातीच्या पिल्लांच्या खुब्यावर आणि गुडघ्यावर ताण येतो. लॅबमध्ये खुब्याचा दोष आधीच जास्त आढळतो.

ट्रेमध्ये काय घालायचं यावर नीट विचार करा. दुकानात मिळणारे पॅड सोयीचे, पण एकटं पिल्लू कंटाळून ते फाडतं आणि आतला फुगणारा जेल गिळतं. आतडं तुंबलं तर थेट ऑपरेशन. म्हणून पॅड वापरायचेच तर वर जाळी असलेला ट्रे घ्या, पॅड जाळीच्या खाली. आणखी एक. आठ-नऊ आठवड्यांच्या सुमारास पिल्लाच्या पायाला ज्या पृष्ठभागाची सवय लागते, तिथेच पुढे ते मोकळं होऊ पाहतं. पुढे गवतावर न्यायचं आहे ना, मग ट्रेमध्ये दोन-तीन इंच मातीवर हरळीचा तुकडा लावा, नर्सरीत मिळतो. दर आठ-दहा दिवसांनी बदलावा लागेल. कापडाच्या पायपुसण्यावर सवय लागली की घरातलं एकही पायपुसणं सुटत नाही.

तुम्ही घरी असताना ट्रेवर न्यायच्या वेळा ठरलेल्या: झोपेतून उठल्या उठल्या, खाल्ल्यावर पाच ते वीस मिनिटांत, खेळ संपल्यावर. काम झालं की तिथल्या तिथे, दोन-तीन सेकंदांत खाऊ. घरात येऊन मग दिला तर त्याला वाटतं घरात आल्याचा खाऊ मिळाला. चुकीच्या जागी झालं तर काही बोलू नका, नाक घासणं तर मुळीच नको, त्यातून ते फक्त लपून करायला शिकतं. पुसायला फिनेल नको. अमोनियाचा वास असलेलं कुठलंच द्रावण नको, लघवीच्या वासाशी ते जुळतं आणि पिल्लू पुन्हा तिथेच बसतं. एन्झाइमवालं क्लीनर मिळतं ते घ्या. ते नसेल तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं.

हरळी

एप्रिल अजिबात नको. दिवाळीची सुट्टी पण नको. आठ ते दहा आठवडे हा घाबरण्याचा काळ असतो, त्यात फटाके ऐकले की भीती जन्मभर राहू शकते. दिवाळी झाल्यावर पंधरा दिवसांनी ते डिसेंबरअखेर ही नागपुरातली सगळ्यात चांगली वेळ. लसींचा कोर्स थंडीत पुरा होतो, पिल्लू जमिनीवर उतरतं तेव्हा हवा चांगली असते, आणि ऊन तापेपर्यंत ते पाच-सहा महिन्यांचं होतं. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा गादीखाली पोत्याचा जाड थर आणि वर जुनी चादर. हीटर नको.

वऱ्हाडी_ठेचा

भाऊ, पश्चिमेची बाल्कनी आणि नागपूरचा मे, हे दोन शब्द एका वाक्यात नको. ४५-४६ डिग्रीत दुपारी तीनला त्या ग्रिलला तुमचा हात लागत नाही, तिथं पिल्लू काय करेल. कुत्र्याला अंगभर घाम येत नाही. ते जिभेवाटे, धापा टाकून गार होते. हवाच अंगापेक्षा गरम असली तर धापा टाकूनही उपयोग नाही. शिवाय ग्रिलमधून लहान पिल्लाचं डोकं जाते आणि अडकते. बाल्कनी फक्त सकाळी सहा ते साडेसात, तुम्ही सोबत असताना, ग्रिलला खालून तीन फूट जाळी बांधून.

शेवटचा मजला आहे म्हणजे स्लॅब तापणार. रात्री दहापर्यंत गरमी खाली उतरत राहते. तीन गोष्टी करा. कुंपण उत्तर किंवा पूर्वेच्या खोलीत लावा. खिडकीला बाहेरून ओला पडदा किंवा बांबूची चिक. गच्चीवर सोसायटी परवानगी देत असेल तर पांढरा चुना किंवा कूल रूफचा रंग मारून घ्या, माणसांनाही फायदाच आहे.

कूलरबद्दल सविस्तर लिहून राहिलो, कारण इथंच जास्त चुका होतात.

पहिली गोष्ट, करंट. लोखंडी कूलर, ओली फरशी, चावायला मिळालेली वायर. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकने माणसं जातात, पिल्लू तर चिमुकलं. कूलर खिडकीच्या बाहेर स्टँडवर असू द्या, आत फक्त जाळी. प्लग तीन पिनचा, अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, आणि बोर्डात ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर बसवा. पंपाची वायर सगळ्यात आधी खराब होते, तिचा जोड पाण्यात लोंबकळत असतो. आतली प्रत्येक वायर फरशीपासून तीन फूट वर किंवा पीव्हीसी पट्टीत.

दुसरी, हवा बाहेर जायला वाट. बंद खोलीत कूलर चालवला तर अर्ध्या तासात खोली दमट होते. थर्मामीटर कमी दाखवते, पण दमट हवेत जिभेवरचं पाणी उडत नाही, मग कुत्र्याला गार होता येत नाही. समोरच्या बाजूची खिडकी चार बोटं उघडी पाहिजेच. मृग लागून हवा दमट झाली की कूलर कुचकामी, तेव्हा पंखा बरा, नाहीतर एसी २६-२७ वर.

तिसरी, टाकी. डासांसाठी टाकीत फिनेल किंवा रॉकेल टाकायची पद्धत आहे. गळती झाली की पिल्लू ते पाणी चाटते. काही टाकू नका, आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासून कोरडी करा.

लाईट जाते तेव्हा काय? इन्व्हर्टरवर कुंपणाच्या खोलीतला पंखा असलाच पाहिजे. पाणी मातीच्या परळात ठेवा, गार राहते आणि जड असल्याने सांडत नाही. दोन परळं, दोन कोपऱ्यांत. एक सांडलं तरी एक उरते. फरशीचा एक तुकडा गादी-चटईशिवाय मोकळा सोडा, गरमी झाली की पिल्लू स्वतःच पोट टेकून तिथं पसरते.

ऊन लागल्याची खूण: धापा थांबत नाही, हिरड्या गडद लाल, घट्ट चिकट लाळ, चालताना झोकांड्या, उलटी. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असते, १०४ च्या वर गेलं की धावपळ करायची. नळाच्या साध्या पाण्याने पोट, काखा, पाय भिजवा, पंखा लावा, आणि भिजवतच डॉक्टरकडे न्या. बर्फ नको, त्याने कातडीखालच्या नसा आकसतात आणि आतली उष्णता आतच राहते. ओला टॉवेल अंगावर गुंडाळूनही ठेवू नका, तो लगेच गरम होते. १०३ ला आलं की भिजवणं थांबवा, नाहीतर तापमान फार खाली घसरते.

फिरवणं उन्हाळ्यात सकाळी साडेसहाच्या आत आणि रात्री साडेआठनंतर. डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवता आली नाही तर पंजेही भाजणार.

बुटीबोरी_अपडाउन

एवढं सविस्तर लिहिल्याबद्दल सगळ्यांचे मनापासून आभार. एप्रिल रद्द, बाल्कनी रद्द. डिसेंबर धरतो.

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी आहेत, त्या सकाळी येतात, पण बाजूच्याच बिल्डिंगमध्ये दुपारची कामं करतात. बोललो, त्या साडेअकरा आणि तीनला यायला तयार आहेत, वेगळा पगार ठरवू. कुत्र्याची त्यांना भीती नाही. पण त्यांना नेमकं काय सांगायचं?

दुसरं, खाण्याचं. घरचे म्हणतात दूध-पोळी आणि कॅल्शियमचं सिरप द्या, हाडं मजबूत होतात. बरोबर आहे का? लसींचं वेळापत्रकही कोणी सांगेल का?

गोचीड_नको

दूध-पोळीवर पिल्लं जगतात, वाढत नाहीत. पोळीत प्रथिनं कमी आणि वाढत्या पिल्लाला लागणारी स्निग्धताही नाही. गाई-म्हशीच्या दुधातली साखर दूध तुटलेल्या पिल्लांना नीट पचत नाही, मग पातळ शी, आणि पातळ शी झाली की एकटं असताना ते धरून ठेवू शकत नाही. तुमचं सगळं शी-शूचं शिक्षण त्या एका वाटी दुधावर वाहून जातं.

मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचं कोरडं खाद्य द्या. मात्रा पाकिटावरच्या तक्त्यात वय आणि मोठेपणीच्या अपेक्षित वजनानुसार असते, ती दिवसाची असते, एका वेळची नव्हे. चार महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा: सकाळी साडेसहा, साडेअकरा, तीन आणि रात्री आठ. मग सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, पुढे दोन. सुरुवातीला कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं भिजवून. पण भिजवलेलं खाद्य वाटीत ठेवून जाऊ नका, उन्हाळ्यात दोन तासांत आंबतं. वीस मिनिटांत खाल्लं नाही तर उचलायचं. सकाळचं खाणं निघण्याआधी तीन तास उरकलं की शी घरात माणूस असतानाच होते.

कॅल्शियम सिरप बंद. तयार खाद्यात ते हिशोबाने घातलेलं असतं. लॅब, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर अशा जड जातींच्या पिल्लांना जादा कॅल्शियम आतड्यातून नाकारता येत नाही, ते शोषलं जातं आणि हाडांची वाढ बिघडते, पाय वाकडे होतात. मजबुतीसाठी दिलेल्या औषधानेच हे होतं, म्हणून जोर देऊन सांगतो. घरचंच जेवण द्यायचं असेल तर प्रमाण पशुवैद्याकडून लिहून घ्या. अंदाजाने भात-चिकन दिलं तर उलट कॅल्शियम कमी पडतं.

लस: साधारणपणे सहा ते आठ आठवड्यांना पहिला डोस, त्यात डिस्टेंपर, पार्वो, हिपॅटायटिस, लेप्टो वगैरे येतात. मग दर तीन-चार आठवड्यांनी, पिल्लू सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. हा शेवटचा डोसच लोक टाळतात. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती आधीच्या डोसांना निष्प्रभ करू शकते, ती ओसरल्यावरचा डोस पक्का लागतो. रेबीजची लस पिल्लू तीन महिन्यांचं झाल्यावर, मग डॉक्टर सांगतील तसा बूस्टर आणि पुढे दरवर्षी. जंताचं औषध तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला, नंतर दर तीन महिन्यांनी. मात्रा वजनावर असते, प्रत्येक वेळी वजन करा.

कोर्स पुरा होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर, बागेत, डेकेअरमध्ये खाली सोडायचं नाही. पार्वोचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो आणि चपलेवरून घरात येतो, म्हणून चपला दाराबाहेर, मावशींच्याही. पण कडेवर घेऊन फिरवा. ऑटोचा आवाज, स्कूटर, मेट्रोच्या पुलाखालची वर्दळ, हेल्मेट घातलेला माणूस, छत्री, लहान मुलं, हे सगळं चौदाव्या आठवड्याच्या आत दिसलं-ऐकलं पाहिजे. त्यानंतर नवीन गोष्ट स्वीकारणं त्याला अवघड जातं. दिवसभर बंद घरात वाढणाऱ्या पिल्लांचं इथंच नुकसान होतं, त्यामुळे रोज संध्याकाळी निदान वीस मिनिटं हे करा.

रक्ताची शी, वारंवार उलटी, खाणं बंद यातलं काही दिसलं तर सकाळपर्यंत थांबू नका. पार्वोत पिल्लू पाणी कमी होऊन एक-दोन दिवसांत जातं. जवळच्या दवाखान्याखेरीज सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातही उपचार होतात. तिथल्या वेळा आधीच विचारून ठेवा, आणि रात्री कोण डॉक्टर मिळतात तो नंबर फ्रिजवर.

गोचीड इथे पावसाळ्यात आणि त्यानंतर भरपूर. गोचीडताप बरेच दिवस आत मुरलेला असू शकतो, मग एकदम ताप, नाकातून रक्त, हिरड्या पांढऱ्या. पिल्लाच्या वयाला आणि वजनाला चालणारं औषध डॉक्टरांकडूनच घ्या, मोठ्या कुत्र्याची गोळी अर्धी करून देऊ नका. बोटांच्या बेचक्या, कानाची आतली बाजू आणि पट्ट्याखालची मान रोज चाचपायची.

कुंपणाच्या आवाक्यात नको असलेल्या वस्तू: डांबरगोळ्या, उंदीर मारायचं औषध, मनुका-बेदाणे, द्राक्षं, चॉकलेट, कांदा-लसूण, साखरमुक्त च्युइंगम, पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन. ओट्यावरून पडलेली मनुका मावशींनी सहज दिली असं व्हायला नको.

पोमवाले लोकांसाठी

वरच्या उत्तरात एक जोडतो, इथे वाचणारे पॉम, शिह त्झू, चिहुआहुआवालेही असतील. छोट्या जातीचं तीन महिन्यांच्या आतलं पिल्लू चार-पाच तास उपाशी राहिलं तर रक्तातली साखर खाली येऊ शकते. सुस्त पडतं, झोकांड्या खातं, झटके येतात. मध किंवा साखरेचं पाणी बोटाने हिरड्यांना चोळा आणि लगेच डॉक्टरकडे. एवढे तास घर बंद असणाऱ्यांनी या जाती लहान वयात आणूच नयेत.

एकटेपणाचा_सराव

सगळे कुंपण आणि खाण्यावर लिहितायत, पण एकटं राहणं हे शिकवावं लागतं. रजेचे दिवस लोक पिल्लाला मांडीवर घेऊन घालवतात आणि नवव्या दिवशी सकाळी एकदम दार लावून निघून जातात. पिल्लाच्या दृष्टीने अख्खा कळप गायब झाला.

रजा दोघांनी एकत्र घेऊ नका, एकामागून एक घ्या. एकाचे दहा दिवस, मग दुसऱ्याचे दहा. सराव तिसऱ्या दिवसापासून. पिल्लू खेळून, शू करून दमलेलं असताना कुंपणात ठेवा, चघळायला काहीतरी द्या, आणि त्याच खोलीत दुसरं काम करा. मग दाराआड तीस सेकंद. मग एक मिनिट, तीन, पुन्हा एक, मग पाच. दरवेळी वाढवत नेऊ नका, मधूनच छोटं करा, नाहीतर ते पुढच्या मोठ्या विरहाची वाट बघत बसतं. अर्धा तास शांत राहिलं की पुढचा पल्ला लवकर गाठता येतो, कारण घाबरण्याचा प्रकार बहुतेक वेळा पहिल्या अर्ध्या तासातच दिसतो.

किल्ल्या उचलून परत सोफ्यावर बसा. बूट घालून चहा करा. डबा बॅगेत भरा आणि टीव्ही लावा. दिवसातून पाच-सहा वेळा हे केलं की किल्ल्यांचा आवाज म्हणजे संकट असं समीकरण बसत नाही. निघताना निरोप समारंभ नको, आल्यावर पाच मिनिटं शांतपणे ट्रेवर न्या, मग लाड.

एक साधा वायफाय कॅमेरा लावा आणि पहिल्या आठवड्यात रोज पहिली तीस मिनिटं बघा. थोडं कुईकुई करून झोपलं तर ठीक. दार खरवडणं, लाळेने छाती ओली होणं, आवडता खाऊसुद्धा न खाणं, ही घबराट आहे. अशा वेळी "रडू द्या, सवय होईल" म्हणून सोडलं तर घबराट पक्की होते. मागच्या पायरीवर या, वेळ कमी करा, तोवर रजा वाढवा किंवा माणूस बसवा. कॅमेऱ्यातून बोलू नका. मालकाचा आवाज येतो आणि मालक सापडत नाही, याने ते आणखी सैरभैर होतं.

चघळायला रबरी पोकळ खेळणं, त्यात दिवसाच्या खाद्यातलंच थोडं खाद्य आणि दही घालून फ्रीझरमध्ये गोठवलेलं. चार ते सहा महिन्यांत दात बदलतात, तेव्हा असं गार चघळणं फार उपयोगी. कच्च्या चामड्याची हाडं एकट्या पिल्लाला देऊ नका, मऊ झालेला तुकडा घशात अडकतो. खेळणी चार-पाच ठेवा आणि रोज दोनच बाहेर काढा.

परत आल्यावर उशी फाटलेली दिसली तर ओरडून उपयोग नाही. कान पाडून ते जे अपराधी तोंड करतं, ते तुमच्या चेहऱ्याला घाबरून. तासाभरापूर्वीच्या उशीशी ते जोडू शकत नाही.

आणि लॅब संध्याकाळी खेळ मागणारच. सात वाजता दोघंही दमून आलात तरी त्याचा दिवस तेव्हा सुरू होतो. मोठेपणी रोज तास-सव्वा तास फिरणं-पळणं धरून चाला. ते शक्य वाटत नसेल तर जात बदला.

खाच_असलेला_कान

पिल्लूच हवं का, हा प्रश्न अजून कोणी नीट विचारला नाही, म्हणून विचारतो. दोन-तीन वर्षांचं, नसबंदी आणि लसीकरण झालेलं देशी कुत्रं दत्तक घ्या. सहा तास आरामात धरतं, दोन वेळा खातं, दात बदलून झालेले, स्वभाव समोर दिसतो. नागपूरची गरमी त्याला लॅबपेक्षा पुष्कळ सोसते, कारण कातडीलगतची दाट लव त्याच्या अंगावर नसते. कानाला खाच असेल तर नसबंदी झालेली आहे.

दत्तक देणाऱ्यांना तीन गोष्टी विचारा: घरात राहिलेलं आहे की फक्त रस्त्यावर, एकटं ठेवल्यावर काय करतं, आणि पंधरा दिवस आधी सांभाळून बघता येईल का. पूर्ण आयुष्य गल्लीत मोकळं काढलेलं कुत्रं तिसऱ्या मजल्याच्या बंद फ्लॅटमध्ये आणणं त्याच्यावरच अन्याय आहे. ज्याला आधी घर होतं आणि जे सोडून दिलं गेलं, असं शोधा. अशी नागपुरात कमी नाहीत. दुपारची एक फेरी यालाही लागेल, आणि पहिले दहा दिवस रजाही.

पंजा

वरचा पर्याय तुमच्या घराला जास्त बसतो असं माझंही मत. तरी लॅबचं पिल्लूच ठरलं, तर मावशींसाठी काय सांगायचं ते लिहितो. तोंडी सांगू नका, मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावा, आणि रजेच्या दिवसांत त्यांना पाच-सहा वेळा तुमच्यासमोर सगळं करू द्या. पिल्लाने त्यांना तुमच्यासोबत पाहिलेलं हवं.

आत आल्यावर आधी बाहेरचं दार पूर्ण लागलं का बघायचं, मग कुंपण उघडायचं. पिल्लं सुटतात ती याच क्षणी. उचलून सरळ ट्रेवर. शू झाली की लगेच खाऊ, खाऊचा डबा ट्रेजवळच्या कपाटावर. मग खाणं, मोजून ठेवलेल्या डब्यातलं, त्यात काहीही वरून घालायचं नाही. खाऊन झालं की पाच मिनिटं थांबून पुन्हा ट्रे. मग दहा मिनिटं खेळ, दोरीने किंवा चेंडूने, हाताने नाही. हाताने खेळवलं की हात म्हणजे खेळणं होतं. ट्रे साफ, परळातलं पाणी बदललं, फ्रीझरमधलं खेळणं दिलं, कुंपणाची कडी लावली. सगळं मिळून अर्धा तास. शेवटी एका कागदावर तीन खुणा: शू, शी, खाल्लं. शी पातळ असेल तर फोटो पाठवायचा.

पगार ठरवताना रविवार आणि त्यांच्या सुट्ट्या धरा, आणि त्या आजारी पडल्या तर दुसरं कोण, हे नाव पिल्लू आणायच्या आधी पक्कं हवं. बिल्डिंगमधले निवृत्त काका-काकू, कॉलेजचा एखादा मुलगा, कोणीही, पण किल्ली दिलेली आणि पिल्लाने ओळखलेलं.

दात लागणारच, पिल्लू आहे. रक्त आलं किंवा नुसता ओरखडा असला तरी मावशींनी ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. पिल्लाची रेबीजची लस ते तीन महिन्यांचं झाल्यावर होणार आहे, तोवर "घरचंच पिल्लू आहे" म्हणून सोडून देऊ नका. त्या इंजेक्शनांचा आणि त्या दिवसांच्या पगाराचा खर्च तुमचा, हे त्यांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे त्या चावा लपवणार नाहीत.